ताईची सायकल आठ दिवसांत

१२ जानेवारी, रविवार

स्वतःच्या हातांनी, कुणाकडेही न शिकता, कुणाची मदत न घेता आजवर केलेल्या वस्तू:

१. पुस्तकांचं कपाट. (डावीकडे झुकलेलं वाटतं. दोष भिंतीचा. ओळंबा लावून पाहिला आहे.)
२. दाराची बेल, दोन सुरांची. (सध्या एकच सूर लागतो.)
३. कपडे वाळत घालायचा, पुलीवर वर-खाली होणारा स्टँड. (खाली येतो. वर जाण्याचं काम चालू आहे, हे दुसरं वर्ष.)
४. हिच्या चष्म्याची दांडी.
५. मी सांभाळतो त्या शाळेच्या प्रयोगशाळेतले सतरा लंबक. एकेक दोरी मिलिमीटरपर्यंत मोजून. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, विकत आणले असते तरी चाललं असतं. त्यांचा विषय इतिहास.
६. ऑपरेशननंतर ताईला पाय टेकवायला स्टूल. ती त्यावर कुंडी ठेवते.

यादी लिहून काढायचं कारण म्हणजे आजपासून सातवी वस्तू हाती घेतली आहे: ताईची सायकल.

हकीकत अशी. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणतात, लांब चालू नका, पण सायकल चालवा, सांध्याला तेलपाणी होतं. अट एकच, टांग टाकायची नाही. म्हणजे मधला दांडा खाली वाकलेली लेडीज सायकल. ती ताईकडे आहेच. उभी हयात तिने नर्सची ड्यूटी त्याच सायकलवर केली. आता रिटायर झाली तरी चार एकट्या म्हाताऱ्या तिने धरून ठेवल्या आहेत. आठवड्यातून दोनदा जाऊन बीपी बघायचं, एकीचं इन्सुलिन भरून ठेवायचं. 'माझा वॉर्ड' म्हणते. ऑपरेशनपासून वॉर्ड फोनवर चालू आहे.

भाच्याचं म्हणणं, आई, एकटी राहून काय करतेस, माझ्याकडे ये. त्याचं गाव सहा तासांवर. ताईच्या घराचा भाडेकरार मार्चअखेर संपतो. तिने त्याला शब्द दिला आहे: तोवर सायकलवरून चौघींकडे जाऊन आले तर करार वाढवीन, नाही तर निमूट येईन. दोघंही शब्दाला पक्की. आमच्या घराण्याचा गुण.

ताईने सांगितलेलं काम: टायर गेलेत ते बदल, ब्रेक बघ, साखळीला तेल घाल, एवढंच. मी मनात हसलो. एवढ्या जुन्या सायकलीचं 'एवढंच' नसतं. रिस्टोरेशन असतं. अपग्रेड असतं. ताई म्हणाली, छोट्या, अपग्रेड-बिपग्रेड नको रे, चालली म्हणजे झालं. (मी त्रेपन्न वर्षांचा आहे.) पण पेशंटने डॉक्टरला औषध सांगायचं नसतं.

आठ दिवस सांगितले. हातात अकरा आठवडे. म्हणजे दहा आठवडे उरतात. त्यांचं काय करायचं ते नंतर ठरवू.

१३ जानेवारी, सोमवार

शाळेतून आल्यावर साडेचार ते सात. संपूर्ण खोलली. खोलण्याआधी फोटो काढून ठेवा, असं ही म्हणाली. फोटो ज्यांच्या डोक्यात चित्र राहत नाही त्यांना लागतात.

सुटे भाग एकूण दोनशे एकोणीस, छर्रे धरून. प्रत्येक भाग व्हर्नियरने मोजून वहीत. व्हर्नियर प्रयोगशाळेचा. रजिस्टरमध्ये 'दुरुस्तीसाठी बाहेर' अशी नोंद केली आहे. खोटी नाही. दुरुस्ती कशाची ते रजिस्टर विचारत नाही.

प्रत्येक भाग वेगळ्या बाटलीत, बाटलीत नंबराची चिठ्ठी. बाटल्या गॅलरीत, सोफ्याखाली आणि फ्रिजवर. अशी शिस्त मोठमोठ्या कारखान्यांत नसेल. ही म्हणाली, घराचं औषधाचं दुकान झालं. कौतुक करण्याची तिची पद्धत.

१६ जानेवारी, गुरुवार

सर्व बाटल्यांत गंज सुटण्यासाठी रॉकेल भरलं. उत्तम परिणाम. गंज सुटला.

बॉलपेनची शाईही सुटली. चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या. आता घरात दोनशे एकोणीस स्वच्छ भाग आणि फिकट निळं रॉकेल आहे.

काळजीचं कारण नाही. मापं वहीत आहेत. पुन्हा मोजायचे, जुळवायचे. फार तर तीन संध्याकाळी.

१९ जानेवारी, रविवार

आज आठ दिवस झाले. मी आठ दिवस म्हणालो ते कामाचे. शाळेचे तास वजा केले तर माझे जेमतेम दोन दिवस भरतात.

डावं पेडल निघत नव्हतं. चार फुटी पाइप लावला. पलीकडून जोर यावा म्हणून हिला फ्रेमवर बसवलं. 'या वयात मला सायकलवर डबल-सीट नेलंत, तेही गॅलरीत,' म्हणाली. शेवटी पेडल निघालं. जिद्द.

आतले आटे घेऊन निघालं. ज्या दांड्यात ते बसतं त्याचं भोक आता गुळगुळीत आहे.

नवा दांडा मिळतो का बघायला कोपऱ्यावर गेलो. तिथे एक सायकलवाला बसतो, उपड्या डब्यावर. पाटीवर 'सायकल दुरुस्ती' लिहिलं आहे. मी पंक्चरवाला म्हणतो. त्याने दांडा हातात घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, साहेब, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घट्ट करतो तसं फिरवायचं, सुटतं. मी म्हणालो, माहीत आहे. तो म्हणाला, हां, मग ठीक आहे.

हे लोक ज्ञान लपवून ठेवतात आणि वेळ गेल्यावर सांगतात.

२२ जानेवारी, बुधवार

ताईचा फोन. 'झाली का रे?' सत्तर टक्के झाली असं सांगितलं. तिने विचारलं, कोणते सत्तर? शास्त्र शिकलेली बाई, लगेच खोलात शिरते. खोलण्याचं काम पूर्ण झालं आहे हे सर्वांत अवघड काम असतं, असं समजावलं.

आज ती काठी घेऊन चौघींपैकी पहिल्या घरापर्यंत चालत गेली. परत येताना रस्त्यात दोनदा कुणाच्या तरी पायरीवर बसावं लागलं. पहिलं घर सर्वांत जवळचं.

१ फेब्रुवारी, शनिवार

निर्णय: ताईच्या गुडघ्याला गिअर हवेत. गिअरवालं मागचं चाक आणलं. त्याला मागच्या दोन दांड्यांच्या मध्ये एकशे तीस मिलिमीटर जागा लागते, फ्रेममध्ये एकशे दहा. फक्त वीस मिलिमीटरचा प्रश्न. शेजाऱ्यांच्या गाडीचा जॅक मागून आणला, दांड्यांमध्ये अडकवून फिरवला. व्हर्नियर दर चक्राला.

११४. ११८. १२१. काहीच होत नाही असं वाटून दोन चक्रं एकदम दिली. १४६.

मग दोरीने आवळून आत घेतलं. १०३.

रात्री जेवताना निर्णयाचा फेरविचार. ताईचे रस्ते सपाट आहेत. सपाट रस्त्याला गिअर म्हणजे चैन. मूळ चाकच योग्य. साधेपणा हेच खरं इंजिनिअरिंग. फ्रेम परत एकशे दहावर आणली. ११०.४४. हे माप कुठल्याही कारखान्याने मान्य केलं असतं.

ही म्हणाली, म्हणजे दिवसभर खपून होतं तिथेच आलात. मी म्हणालो, होतं तिथे नाही, चव्वेचाळीस शतांश पुढे.

२ फेब्रुवारी, रविवार

रंग. जुना काळा रंग घासून काढला. ताईने 'तीच काळी' सांगितलं होतं, पण काळ्यावर धूळ दिसते. स्वतः मिसळून एक गर्द हिरवा तयार केला, असा रंग बाजारात नाही. स्प्रेने मारला. वारा कोणत्या दिशेने आहे याचा अंदाज घेतला होता. वाऱ्याने मत बदललं.

फ्रेम सुंदर. गॅलरीचं रेलिंगही सुंदर. दोरीवर हिच्या दोन साड्या आणि उशांचे अभ्रे होते. (स्टँड वर गेला असता तर वाचले असते. त्याकडे लक्ष दिलं पाहिजे.) ही घासणीने अभ्रे घासत बसली. हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

ताई स्वतः बघायला आली. दोन जिने, काठी टेकत. वर आल्यावर पाच मिनिटं नुसती खुर्चीत. हिने पाणी दिलं. मग ताई म्हणाली, कुठे आहे माझी बाई?

फ्रेम गॅलरीत दोन स्टुलांवर ठेवलेली. चाकं नाहीत, सीट नाही, हँडल तेवढं आज सकाळीच बसवलं होतं. ताईने फ्रेमवरून हात फिरवला. 'हिरवी झाली,' म्हणाली. मी रंगाचं प्रमाण सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, स्टूलं काढ, खाली धर. मी एका बाजूने धरली, हिने दुसऱ्या. ताईने काठी भिंतीला टेकवली, हँडल पकडलं आणि ऑपरेशनचा पाय हळूच वाकलेल्या दांड्यावरून पलीकडे टाकला. टेकला. परत अलीकडे. परत पलीकडे. 'जमतंय रे, छोट्या! जमतंय!' चार वेळा केलं. ही एकदम डोळे पुसायला लागली, कारण नसताना.

ताईने बिनसायकलीच्या सायकलीवर उभ्या उभ्या घंटी वाजवायला अंगठा नेला. घंटी बाटली क्र. ३१ किंवा ७७ मध्ये आहे.

नोंद: फ्रेमची उंची योग्य असल्याचं सिद्ध. आता फक्त चाकं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टायर आले. पोस्टाने, बाहेरून मागवले. जुन्या टायरवर छापलं होतं २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश. तसले जुनाट दिसतात. मी त्याच मापाचे आधुनिक मागवले: २६ गुणिले १.३७५. कडेला परावर्तक पट्टी. ताईला संध्याकाळीही फिरता येईल.

पंक्चरवाल्याकडे ट्यूब घ्यायला गेलो तर टायर बघून म्हणाला, साहेब, हे सिस्टरबाईंच्या रिमला नाही बसणार. मी शांतपणे खिशातून कागद काढला. तीन भागिले आठ. शून्य पूर्णांक तीन सात पाच. अधिक एक. त्याच्यासमोर करून दाखवलं. त्याने कागद निरखून पाहिला, परत दिला आणि म्हणाला, गणित बरोबर आहे साहेब. टायर नाही.

शिक्षणाचा अभाव.

१६ फेब्रुवारी, रविवार

टायर बसवणे. सकाळी नऊपासून. टायर रिमपेक्षा थोडा लहान वाटतो. नवं रबर आखडतं. गरम पाण्यात बुडवला. साबण लावला. हिचे तीन मोठे चमचे लावले. तीनही आता प्रश्नचिन्हाच्या आकाराचे. दुपारी दोनला ही बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, अहो, लहान आहे तो. मी म्हणालो, लहान असू शकत नाही. ती म्हणाली, असू शकत नसेल, पण आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

व्हर्नियर एवढ्या मोठ्या वस्तूला पुरत नाही, म्हणून दोरा आणि पट्टी. रिमचा व्यास आणि टायरचा आतला व्यास यांत एकतीस मिलिमीटरचा फरक. पाच वेळा मोजलं. सरासरी काढली. एकतीस.

दोन्हीवर सव्वीस लिहिलं आहे. दोन्ही एक पूर्णांक तीन अष्टमांश आहेत. ३ ला ८ ने भागलं तर .३७५ येतं, हे मी पोरांना घरी शिकवलेलं आहे. एकतीस मिलिमीटर कुठे गेले?

शाळेत दिवसभर लक्ष नव्हतं. आम्लाच्या बाटल्यांना क्षाराच्या चिठ्ठ्या लावल्या, नशीब वेळेत दिसलं.

मोजण्यात चूक नाही, गणितात चूक नाही, तरी टायर बसत नाही. माणसाने मग करायचं तरी काय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर सापडलं. टायर चुकीचे नाहीत. रिमा चुकीच्या आहेत.

टायरच्या मापाच्या नव्या रिमा मागवायच्या, ॲल्युमिनियमच्या, हलक्या. हेच अपग्रेड. उगाच तीन दिवस जीव जाळला. जुन्या चाकांच्या तारा कटरने कापून मधले हब सोडवले. जुन्या रिमा भंगारवाल्याला लगेच दिल्या, म्हणजे मागे वळून बघायचा मोह नको.

ताईचा फोन येऊन गेला होता. हिने घेतला. इन्सुलिनवाल्या आजी दोन दिवस चक्कर येऊन पडून होत्या, ताईला काल कळलं. ताई रिक्षाने गेली.

२ मार्च, रविवार

चाक बांधणे. छत्तीस तारा, प्रत्येक तार विशिष्ट भोकातून, विशिष्ट तिरकस. पुस्तक वाचलं. आकृती स्वतः काढली, तीन रंगांत. सहा तास. चाक तयार.

टेबलावर ठेवलं तर एक बाजू टेबलाला टेकत नाही. दुसरी बाजू टेकवली तर तिसरी उठते. चाकाला तीन बाजू कशा असतात ते कळत नाही. ही म्हणाली, मोठी वाटी छान झाली.

पंक्चरवाल्याकडे चाक नीट करायचं यंत्र आहे, हे मला माहीत आहे. तिथे चाक नेणं म्हणजे सहा तासांचा अपमान.

८ मार्च, शनिवार

चाक चौथ्यांदा सोडलं, पाचव्यांदा बांधलं. आता वाटी नाही, थाळी म्हणता येईल अशी. फिरवलं की किंचित नाचतं. रस्त्याला लागल्यावर वजनाने आपोआप सरळ होईल.

मुख्याध्यापिकाबाईंनी व्हर्नियर मागितला, प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या. परत केला. त्याच्या एका दांडीला हिरवा ठिपका आहे. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं, रजिस्टर मिटलं. व्हर्नियर गेल्यावर हात मोकळा मोकळा वाटतो. अंध माणसाची काठी नेल्यासारखं.

१५ मार्च, शनिवार

भाच्याचा फोन. मामा, खरं सांगा, होणार का? मी म्हणालो, नव्वद टक्के. तो म्हणाला, मी तिला तयार नवी आणून देतो म्हणालो होतो दोन वेळा. ती नाही म्हणाली. म्हणाली, छोट्या करतोय ना, त्याला वाईट वाटेल.

बघा. बहिणीचा भावाच्या हातांवर विश्वास असावा तर असा.

हे मी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, अहो, त्यातलं शेवटचं वाक्य परत म्हणा बरं. मी म्हटलं. ही परत भाजी निवडायला लागली. काय सांगायचं होतं ते तिलाच ठाऊक.

१८ मार्च, मंगळवार

ताई आता विचारत नाही. आज मीच फोन केला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मी म्हणालो, रविवारपर्यंत नक्की. ती म्हणाली, सावकाश कर, बोटं सांभाळ.

हिने सांगितलं की ताई घरातले डबे रिकामे करून ठेवते आहे. मी म्हटलं, वसंतात बायका सफाई करतात.

२३ मार्च, रविवार

दोन्ही चाकं बसली! साखळी बसली! सीट, घंटी (बाटली क्र. १४२), मागचा स्टँड, पुढची टोपली. सायकल उभी आहे. गॅलरीत गर्द हिरवी, तिच्याकडे बघत चहा घेतला. उरलेले भाग अठ्ठावीस. जुन्या काळी सायकलीत भाग जास्तच घालायचे.

फक्त ब्रेक.

या सायकलीचा ब्रेक तारेचा नाही, दांड्यांचा. मूठ दाबली की लोखंडी दांडा वर ओढला जातो आणि रबर रिमच्या आतल्या कडेला टेकतं. नवी रिम लहान. रबर आता रिमच्या बाहेर, तिच्या कडेपासून पंधरा मिलिमीटर लांब. मूठ दाबली की ते आणखी लांब जातं. पंधरा अधिक पंधरा म्हणजे जवळपास एकतीस. ते एकतीस मिलिमीटर सापडले.

ब्रेकचे दांडे वाकवून बघितले. डावा तुटला.

जुन्या रिमा असत्या तर, असा विचार दोन मिनिटं आला.

२७ मार्च, गुरुवार

चार संध्याकाळी ब्रेक. खोडरबराचे तुकडे चिकटवले, पडले. लाकडी गुटका तार गुंडाळून बसवला, चाकाने तो भिरकावला, शेजाऱ्यांच्या गॅलरीत गेला. त्यांनी जॅकही परत मागितला.

भाचा परवा येतोय. टेम्पो ठरवून ठेवलाय म्हणाला, लागला नाही तर रद्द करू. शब्दाला पक्का मुलगा.

२८ मार्च, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा. ब्रेक नाही बसला. विचारांती असं दिसतं की ताई सावकाश चालवणार, सावकाश चालणाऱ्या सायकलीला ब्रेकची गरज तत्त्वतः कमी. पाय टेकवता येतात.

मग आठवलं की तिच्या एका पायाला धक्का चालत नाही.

बराच वेळ सायकलीशेजारी जमिनीवर बसून होतो. ही आली, शेजारी बसली. मग म्हणाली, चला, चहा झालाय. मी म्हणालो, ते एकतीस मिलिमीटर कुठून आले ते मला अजून कळलेलं नाही गं. ती म्हणाली, नसतील कळायचे.

२९ मार्च, शनिवार

भाचा सकाळी आला. दहा वाजता ताईच्या घरासमोर ट्रायल. सायकल जिन्यावरून आम्ही दोघांनी उतरवली. मामा, वजनाला हलकी झाली हो, म्हणाला. चांगला मुलगा.

ताई फाटकाशी उभी. ड्यूटीचे पांढरे बूट घातलेले, बीपीचं यंत्र पिशवीत. तिला वाटलं होतं, बसली तर तशीच पहिल्या आजींकडे जाऊन यावं. टोपलीत पिशवी ठेवली, टोपलीला थापटलं. घंटी वाजवून बघितली. म्हणाली, आवाज तोच आहे.

मी म्हणालो, आधी मी चालवून दाखवतो. सुरक्षा प्रथम. ब्रेकचं कुणाला सांगितलं नव्हतं. पहिली पन्नास पावलं उत्कृष्ट. साखळीचा आवाज नाही, सीट मऊ. गल्लीला पुढे किंचित उतार आहे हे मी बत्तीस वर्षं चालत असूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. चाक नाचायला लागलं. मूठ दाबली, सवयीने. मग पाय टेकवले. चपला राहिल्या मागे.

वाण्याच्या दुकानाबाहेर बटाट्यांची पोती होती. त्यांनी मला थांबवलं. पुढचं चाक परत वाटी झालं. टोपलीतली पिशवी तशीच टोपलीत, यंत्राला काही झालं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पंक्चरवाला कोपऱ्यावरून धावत आला आणि सायकल माझ्या अंगावरून उचलली. बोलला असता तर बरं झालं असतं.

मान वर केली तर ताई येत होती. काठी फाटकाशी विसरून, पांढऱ्या बुटांत, सबंध गल्ली चालत. भाचा मागून आई, आई, ओरडतोय. ती पोत्यावर बसली, माझं कोपर हातात घेतलं, पिशवीतून कापूस काढला आणि खरचटलेलं पुसायला लागली. 'हात वर धर. हालू नकोस. लहानपणीही असाच हालायचास.' औषध झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे.

पट्टी बांधून झाल्यावर ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. भाच्याने आणि मी मिळून धरून उठवलं. घरापर्यंत तिला खुर्चीत बसवून नेलं, खुर्ची वाण्याची.

आत गेल्यावर तिने भाच्याला विचारलं, टेम्पो उद्या किती वाजता येतो रे?

३० मार्च, रविवार

टेम्पो साडेआठला आला. कपाट, पलंग, आठ खोकी. स्टूलही नेलं, कुंडीसकट.

बीपीचं यंत्र तिने हिला दिलं. गेले पंधरा दिवस ती हिला शिकवत होती म्हणे. दोघींनी मला सांगितलं नव्हतं. चौघींचे पत्ते एका कागदावर, प्रत्येकीपुढे गोळ्यांच्या वेळा, एकीपुढे 'ऐकू कमी येतं, ओरडू नये, जवळ बसावं'. ही मंगळवारपासून जाणार. चालत. हिला सायकल येत नाही.

निघताना ताईने माझी पट्टी तपासली. म्हणाली, ओली करू नकोस. मी म्हणालो, ताई, ब्रेकचंच राहिलंय, महिन्याभरात तिकडे पोचवतो. ती म्हणाली, पोचव. भाचा पुढे बसला होता तो मान वळवून दुसरीकडे बघायला लागला. ताई टेम्पोत चढताना पाय उचलेना, तर सायकलवाल्याने आपला उपडा डबा आणून पायरीसारखा ठेवला.

टेम्पो वळल्यावर तो आणि मी दोघंच कोपऱ्यावर उरलो. तो डबा घेऊन परत जाऊन बसला. मीही उगाच उभा.

एक गोष्ट या वहीत लिहायची राहिली आहे. राहिली असं नाही, लिहिली नव्हती. १२ जानेवारीला सायकल हातात धरून घरी आणत होतो तेव्हा याने मला थांबवलं होतं. उठून सायकलीभोवती एक चक्कर मारली, पेडल हाताने फिरवून बघितलं, रिमवर बोट फिरवलं. म्हणाला, साहेब, काही झालेलं नाही हिला. टायर-ट्यूब, ब्रेकचे चार रबर, तेल. इथेच ठेवून जा, संध्याकाळी सहाला सिस्टरबाईंच्या दारात उभी करतो. मी म्हणालो, नको, हे जाणकाराचं काम आहे. तर म्हणाला, माझ्या आईच्या शेवटच्या आजारात रोज येत होत्या त्या, याच सायकलवर, मजुरी घेणार नाही मी. फक्त सामानाचे द्या.

नऊशे वीस रुपये.